टॉकीजच्या पडद्यामागचे भोंगे: खाऱ्या हवेत १४ पावसाळे काढलेली जोडी दुरुस्त करायची आहे

पडवी

नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण सगळं एकदाच सांगतो.

माझे काका तालुक्याच्या गावातल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद झाली तेव्हा मालकांनी पडद्यामागची स्पीकरची जोडी त्यांना देऊन टाकली. टेम्पोतून ती वेंगुर्ल्याला आमच्या घरी आली, मागच्या पडवीत उभी राहिली, वर ताडपत्री पडली आणि १४ पावसाळे तशीच राहिली. समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

प्रत्येकी एक कपाटाएवढी प्लायची पेटी, आत १५ इंची स्पीकर. पेटीच्या डोक्यावर ओतीव ॲल्युमिनियमचा भोंगा, मागे वरच्या सुरांचा आवाज काढणारं गोल युनिट. युनिटवर अल्टेक ८०२डी, १६ ओहम असं वाचता येतं, भोंगा ८११बी. क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर स्पीकरला आणि वरचे भोंग्याला वाटून देणारं सर्किट, पत्र्याच्या डब्यात वेगळा आहे, त्यावर कोणाचीच पाटी नाही. बहुधा इथेच कोणीतरी बनवून घेतलेला असावा.

अवस्था अशी: एका भोंग्याच्या तोंडात कुंभारमाशीची मातीची तीन घरं. स्क्रूंची डोकी गंजून गोल झालेली. डाव्या पेटीच्या मागच्या प्लायचे थर सुटलेत. एका कोनवर पांढरी बुरशी. गेल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात अगदी बारीक आवाजात छोटा ॲम्प्लिफायर लावून पाहिला. उजवीकडून पत्र्यावर वाळू सांडावी तसा सरसर आवाज आला, डावा भोंगा मुकाच.

मुंबईत एका दुकानात फोटो दाखवले. "युनिटं फेकून द्या, नवी टायटॅनियमची बसवा," असं सांगितलं. काका म्हणतात लोखंडाला हात लावू नकोस, आधी आतला कचरा बघ. काका आता ७८ वर्षांचे आहेत. त्यांना ही जोडी पुन्हा ऐकायची आहे. सुरुवात कुठून करू?

सोल्डर

पडवी, सर्वात आधी ॲम्प्लिफायर बाजूला ठेव. पुन्हा लावू नकोस. सरसर येते म्हणजे व्हॉइस कॉइल (डायफ्रॅमला, म्हणजे आवाज काढणाऱ्या पातळ पडद्याला, हलवणारं तारेचं वेटोळं) मॅग्नेटच्या ज्या फटीत हलते तिथे काहीतरी घासतंय. गंजाचा पापुद्रा असेल, मातीचा कण असेल किंवा डायफ्रॅम सरकला असेल. या अवस्थेत वाजवत राहिलास तर जे पुसून निघालं असतं ते कायमचं जाईल.

मी रत्नागिरीत असतो, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीत चाळीस वर्षं काढली. तुझ्याकडे जे आलंय ते टाकण्यासारखं मुळीच नाही. ऑल टेक्निकल या दोन शब्दांवरून अल्टेक नाव पडलं. त्यांनी १९४१ साली जेम्स लान्सिंग यांची कंपनी घेतली. लान्सिंग १९४६ मध्ये बाहेर पडले आणि जेबीएल काढली. थिएटरचा आवाज म्हणून जगभर जी घडण ओळखली गेली ती त्याच काळातली. शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे या एका गरजेतून ती झाली, तेही आजच्या मानाने अगदी लहान ॲम्प्लिफायरवर.

आता कामाचं. युनिट आणि भोंगा या दोन वेगळ्या वस्तू समजू नकोस. युनिटमधला डायफ्रॅम पाऊणेदोन इंची कॉइलचा, पातळ ॲल्युमिनियमचा. त्याला उघड्या हवेत सोडलं तर तो हवेला नीट ढकलूच शकत नाही. भोंग्याच्या अरुंद घशात हवेचा दाब मिळतो, तोंडाकडे रुंदावत जाताना ती हालचाल खोलीभर पसरते. पण प्रत्येक भोंग्याला खालची मर्यादा असते. ८११ हा ८०० हर्ट्झच्या वर वापरायचा, त्याचा मोठा भाऊ ५११ हा ५०० च्या वर. त्याखालचा सूर पाठवलास तर भोंगा डायफ्रॅमला आधार देत नाही, तो मोकाट हलतो आणि कडेला चिरतो. म्हणून क्रॉसओव्हर हा इथे चवीचा प्रश्न नाही. तो युनिटचा रखवालदार आहे.

आधी मल्टिमीटरने युनिटचा डीसी रोध बघ. १६ ओहमच्या युनिटला १० ते १२ च्या आसपास आकडा यावा. काहीच दाखवत नसेल तर लगेच डायफ्रॅम गेला म्हणून रडू नकोस. आमच्या हवेत कॉइलपेक्षा तिला जोडणारी टोकं आधी जातात.

आणि एक गोष्ट ठळक: मागचं झाकण काढ, डायफ्रॅम काढ, तिथेच थांब. मॅग्नेट आणि मधला लोखंडी खांब वेगळे करू नकोस. हे अल्निको, म्हणजे ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचं मॅग्नेट आहे. त्याचा लोखंडी रस्ता तुटला की त्याची ताकद कायमची उतरते, परत जोडून ती येत नाही. काका म्हणतात ते अगदी खरं आहे.

गुहागरी मंडप

सोल्डरकाकांना दुजोरा. आमचा मंडप-साऊंडचा धंदा आहे, जत्रा, लग्नं, भजनाच्या डबलबारी. आमचे भोंगे साधे, १६ ओहमचे युनिट आणि १०० व्होल्ट लाइनचे ट्रान्सफॉर्मर. पण दुखणी तीच.

माशीचं घर आधी पाण्याने भिजवू नका. माती विरघळून चिखल होतो आणि घशातून थेट युनिटवर उतरतो. युनिट उतरवा, भोंगा उलटा धरा, बांबूच्या काडीने कोरडंच पाडा. नंतर भोंगा पाण्याने धुवा, तो ॲल्युमिनियम आहे, त्याला काही होत नाही. युनिट उतरवलं की त्याच्या तोंडावर लगेच चिकटपट्टी लावा. आमच्याकडे एका पोराने युनिट तसंच उघडं टेबलावर ठेवलं होतं. टेबलावरचा लोखंडाचा कीस मॅग्नेटने आत ओढून घेतला. तो साफ करायला दोन दिवस गेले.

गंजलेल्या स्क्रूला घाई नको. रात्री गंज सोडवणारं तेल टाका, सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, मग सोडा. डोकं गोल झालं असेल तर करवतीच्या पात्याने नवी खाच पाडा, पण कीस युनिटपासून लांब.

पडवी

दोघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्यातच गेले.

उजवं युनिट ११.२ ओहम. डावं काहीच नाही. डाव्याचं झाकण काढलं तर कॉइलकडून येणारी पट्टी जिथे बाहेरच्या टर्मिनलला लागते तिथे हिरवं-पांढरं कीट. टाचणीच्या टोकाने ते खरवडलं, मीटरची टोकं थेट पट्टीवर टेकवली आणि ११.४ आलं. काका शेजारी खुर्ची टाकून बसले होते, त्यांनी तो आकडा पाहिला आणि आत जाऊन चहा सांगून आले.

मग क्रॉसओव्हरचा डबा उघडला. फोटो जोडलाय. आत दोन जाड कॉइल, लोखंडी पट्ट्यांवर गुंडाळलेल्या, आणि जिथे कंडेन्सर असायला हवेत तिथे प्रत्येक जागी दोन-दोन इलेक्ट्रोलिटिक, ऋण टोकाला ऋण जोडून, वर काळी टेप. टेपचा गोंद वितळून तारांवर ओघळलेला. काकांना लगेच आठवलं. गणपतीच्या दिवसांत सिनेमा भरलेला असताना आवाज गेला होता, बाहेरगावाहून मेकॅनिक आणला आणि रात्रीच्या खेळाआधी त्याने हातात होतं ते बसवून दिलं. नंतर ते तसंच राहिलं.

प्रत्येक इलेक्ट्रोलिटिक २२ मायक्रोफॅरडचा आहे. मीटरवर एक जोडी ७ दाखवते, दुसरी चक्क १४. काय समजायचं? ज्या १४ दाखवतात त्या चांगल्या का?

सोल्डर

त्या मेकॅनिकला मी नावं ठेवणार नाही. २२ आणि २२ एकामागे एक जोडले की ११ होतात, आणि ऋणाला ऋण जोडल्याने उलटसुलट प्रवाह चालतो. रात्रीच्या खेळासाठी बरोबर उपाय होता. पण तो एका रात्रीचा.

१४ बघून खूश होऊ नकोस. कंडेन्सर आतून गळायला लागला की साधा मीटर फसतो आणि जास्त आकडा दाखवतो. जो ७ दाखवतो तो सुकलाय, जो १४ दाखवतो तो गळतोय. दोन्ही गेलेत. खरी तपासणी अंतर्गत रोधाची. चांगल्या कंडेन्सरचा तो ओहमच्या लहानशा भागात असतो, सुकलेल्याचा दोन-तीन ओहमवर जातो. मग वरचे सूर बारीक होतात आणि ऐकणारा म्हणतो, युनिट म्हातारं झालं.

कॉइलची किंमत (ती मिलिहेन्रीत मोजतात) बघायला एलसीआर मीटर लागेल. कॉइल टाकू नकोस, तांब्याला वय नसतं. गंजलेल्या पट्ट्यांवर फक्त पातळ व्हार्निश दे म्हणजे त्या गुणगुणणार नाहीत.

पडवी

एलसीआर मीटर कुडाळला एका मित्राकडे मिळाला. कॉइल ४.४ आणि ४.६ मिलिहेन्री, दुसऱ्या डब्यात ४.५ आणि ४.५.

सोल्डर

बघ, ज्याने हा डबा बांधला त्याला गणित येत होतं.

१२ डेसिबल उताराच्या बटरवर्थ नावाच्या प्रकारच्या क्रॉसओव्हरचं वहीतलं सूत्र सोपं आहे. कॉइल म्हणजे ०.२२५ गुणिले रोध, भागिले वारंवारता. १६ ओहम आणि ८०० हर्ट्झ घाल, ४.५ मिलिहेन्री येतात. म्हणजे तुझ्या कॉइल त्याच हिशेबाच्या. त्याच सूत्राच्या दुसऱ्या अंगाने कंडेन्सर ०.११२५ भागिले रोध आणि वारंवारतेचा गुणाकार, म्हणजे ८.८ मायक्रोफॅरड. स्पीकरच्या बाजूलाही तेवढाच, भोंग्याच्या बाजूलाही तेवढाच. मेकॅनिकने ८.८ च्या जागी हातातले ११ घातले, म्हणून स्पीकर संपून भोंगा सुरू होतो तो ८०० हर्ट्झजवळचा सांधा इतकी वर्षं थोडा विस्कटलेलाच होता.

आता ८.८ कुठून आणायचा? मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही. वेंगुर्ल्याच्या बाजारात जा आणि छताच्या पंख्याचे कंडेन्सर माग. ३.१५ चे दोन आणि २.५ चा एक. तिन्ही शेजारी-शेजारी जोड. बेरीज कर.

पडवी

८.८! बरोब्बर ८.८. पण पंख्याचा कंडेन्सर आवाजाला चालतो?

सोल्डर

चालतो, आणि चांगला चालतो. पंख्याचे आजचे कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन पट्टीचे असतात, ४४० व्होल्ट उलटसुलट प्रवाहावर दिवसरात्र राबायला बनवलेले. क्रॉसओव्हरला जो गुण हवा, कमी अंतर्गत रोध आणि वर्षानुवर्षं न बदलणारी किंमत, तोच पंख्यालाही हवा असतो. फक्त चार जास्त आण आणि प्रत्येक मोजून जोड्या लाव. ५ टक्के इकडेतिकडे असतातच. डावी-उजवी बाजू एकमेकींशी जुळली पाहिजे, ८.८ च्या मागे एवढं धावायला नको.

माड पोफळी

थोडा वेगळा विचार मांडतो. मी अलिबागला जुने स्पीकर दुरुस्त करतो. इतक्या दर्जाच्या युनिटला पंख्याचे कंडेन्सर लावणं मनाला पटत नाही. तेलातले कागदी कंडेन्सर किंवा परदेशी बनावटीचे चांगले पॉलिप्रॉपिलीन लावले की वरच्या सुरांचा पोत बदलतो हे मी अनेकदा ऐकलंय.

सोल्डर

माड पोफळी, तुमच्या कानाचा मान ठेवून सांगतो. जुन्या कागदी-तेली कंडेन्सरला अंतर्गत रोध असतो, म्हणून भोंगा किंचित मऊ वाटतो. तोच परिणाम हवा असेल तर पॉलिप्रॉपिलीनच्या मागे अर्धा-एक ओहमचा रोध लावून ऐकून बघा. स्वस्तात कळेल की कान कशाला दाद देतोय. जुन्या क्रॉसओव्हरमधला जुना कंडेन्सर काढून नवा लावला आणि भोंगा अंगावर येऊ लागला अशी तक्रार बरेच जण करतात, तीही याच कारणाने. नव्याचा दोष नसतो, जुन्याने गिळलेला आवाज परत आलेला असतो.

आणि एक सावधगिरी. जुन्या अमेरिकी तेलाच्या डब्यांत पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली. असा डबा गळताना दिसला तर उघडू नका, हाताळू नका.

माड पोफळी

रोध लावून ऐकण्याचा प्रयोग मी केलेला नाही. करून बघतो आणि इथेच लिहितो.

देवगड ते पुणे

मी देवगडचा, नोकरीला पुण्यात. एक तिसरा रस्ता सुचवतो. हा सगळा डबाच बाजूला ठेवा. छोटा डीएसपी, म्हणजे सुरांची वाटणी डिजिटल पद्धतीने करणारं यंत्र घ्या आणि भोंग्याला वेगळा ॲम्प्लिफायर, स्पीकरला वेगळा. २४ डेसिबलचा उतार मिळेल, युनिट जास्त सुरक्षित राहील. भोंगा स्पीकरच्या मागे असेल तर उशीरही दुरुस्त करता येतो. ३० सेंटिमीटरचं अंतर म्हणजे सुमारे ०.८७ मिलिसेकंद, डब्यातल्या कॉइलला हे जमणार नाही.

मात्र डीएसपी लावलात तरी युनिटच्या धन तारेत एक कंडेन्सर ठेवाच. ॲम्प्लिफायर चालू करताना ठोका बसतो, कधी एखादी तार चुकीच्या खोबणीत जाते, आणि १५ इंचीचा सगळा जोर नाजूक डायफ्रॅमवर येतो. १६ ओहमला ४७ मायक्रोफॅरड म्हणजे २१० हर्ट्झच्या आसपास आधार मिळतो, ८०० च्या सांध्याला त्याचा त्रास नाही.

पडवी

सूचना पटते आणि पुढे कधीतरी करीनही. पण सध्या डबाच दुरुस्त करणार. एक तर वीज. आमच्याकडे वाऱ्यावादळात दिवसातून चार वेळा जाते-येते, प्रत्येक वेळी डीएसपी आणि दोन ॲम्प्लिफायर एकाच क्रमाने उठतील याची खात्री मला नाही. दुसरं म्हणजे काकांना हा डबा माहीत आहे. कुठली तार कुठे जाते हे ते डोळे मिटून सांगतात. जी वस्तू घरातला माणूस स्वतः उघडू शकतो ती घरात टिकते.

वडाचो पार

माका ह्यातला तांत्रिक काय कळणा नाय. पण त्या टॉकीजीत मी लहानपणी बापाशीच्या मांडयेर बसान सिनेमे बघलंय. बाहेर पाऊस पत्र्यार कोसळत आसायचो आणि तरीय पडद्यावरच्या माणसाचो शब्द न शब्द आयकाक येयचो. तो आवाज ह्याच भोंग्यांचो होतो ह्या आज कळला. पडवी, काम पुरा कर. वाजलो की माका सांग, मी वेंगुर्ल्याक येतंय.

पडवी

वडाचो पार, नक्की या.

पंधरा दिवसांनी लिहितोय, कारण पाऊस होता आणि ओल्या हवेत युनिट उघडायचं नाही असं ठरवलं होतं. उघडिपीचा एक दिवस मिळाला, खोलीत दोन तास आधी पंखा आणि शंभराचा बल्ब लावून ठेवला, मग बसलो.

उजव्या युनिटची सरसर. डायफ्रॅम अलगद वर उचलला. पातळ इतका की श्वास लागला तरी हलतो. खाली गोल फट, तिच्या आतल्या कडेला तपकिरी पापुद्रे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या, दोन्ही बाजूंना चिकटणारी टेप त्यांना लावली, पट्टी फटीत घालून हळूहळू गोल फिरवली. पहिली पट्टी बाहेर आली ती काळी, लोखंडाच्या बारीक मिशा फुटल्यासारखी. मॅग्नेट तो कचरा सोडत नाही, म्हणून फुंकर मारून किंवा ब्रशने काही होत नाही, चिकटवूनच काढावा लागतो. अकरा पट्ट्या लागल्या. बारावी पांढरी निघाली. तेवढ्या वेळात काकांनी टॉर्च एकदाही हलू दिला नाही.

डायफ्रॅमच्या कडेला भिंगाने पाहिलं, चीर नाही. कॉइलवर एका जागी घासल्याची चकाकी आहे, पण तार तुटलेली नाही. परत बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळत गेलो. संरक्षक कंडेन्सर मध्ये ठेवून अगदी बारीक आवाजात ५०० पासून ५००० हर्ट्झपर्यंत शुद्ध सूर फिरवला. ११०० च्या आसपास किंचित झिणझिण. स्क्रू सैल केले, डायफ्रॅम केसभर सरकवला, पुन्हा आवळले. चौथ्या खेपेला सूर स्वच्छ गेला.

डाव्या युनिटच्या पट्टीचं कीट काढून साठ-चाळीसच्या सोल्डरने नवा डाग दिला. टर्मिनलला बोटीच्या वायरिंगची कल्हईची तार वापरली. बंदरावर ट्रॉलरचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने ती दिली. त्याचं म्हणणं, साधी तांब्याची तार सोलली की दोन पावसाळ्यांत आवरणाच्या आत काळी पडत जाते, कल्हईवाली टिकते. डाग थंड झाल्यावर वर पारदर्शक नेलपॉलिशचा थर.

पेटीच्या मागच्या प्लायचं काय करू ते सांगा.

गुहागरी मंडप

मागचा प्लाय बदलाच, चिकटवत बसू नका. सुटलेला थर खर्जाच्या सुराला फडफडतो आणि ती फडफड लोक स्पीकरच्या माथी मारतात. प्लाय घेताना आयएस ७१० लिहिलेला, म्हणजे मरीन प्लाय घ्या. साधा आयएस ३०३ चा ओलाव्याला तोंड देणारा प्लाय सांगतील, पण समुद्राच्या इतक्या जवळ मी घेणार नाही. कापलेल्या कडांना आधी सीलर द्या, पाणी तिथूनच शिरतं. स्क्रू ३१६ स्टेनलेस स्टीलचे. ३०४ च्या स्क्रूंवर आमच्याकडे वर्ष-दीड वर्षात तपकिरी ठिपके येतात. पेटी जमिनीवर ठेवू नका, खाली दोन इंचाच्या पट्ट्या मारा, वाळवी दिसली पाहिजे.

सोल्डर

१५ इंची परत बसवताना अर्धा फेरा फिरवून बसव. इतकी वर्षं उभा राहून कोन एका बाजूला किंचित ओघळलेला असतो, फिरवला की पुढची वर्षं तो उलट्या बाजूने सावरतो. त्याची कड कापडाची आहे, म्हणून तू सुदैवी. फोमची कड असती तर आपल्या हवेत कधीच भुगा झाली असती. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झाड, उन्हात टाकू नकोस, सावलीत वाळू दे.

आणि भोंग्यावर टिचकी मारून ऐक. घंटेसारखा वाजतो का?

पडवी

वाजतो! देवळातल्या लहान घंटेसारखा, बराच वेळ.

सोल्डर

ओतीव ॲल्युमिनियमच्या या भोंग्यांचा हा जुना स्वभाव आहे. बाहेरच्या पाठीवर गळक्या छपराला लावतात ती डांबरी चिकटपट्टी लाव. आतल्या बाजूला काही लावू नकोस, तिथून आवाज जातो. टिचकीला ठप्प आवाज आला की पुरे.

पडवी

पट्टी लावली. टिचकी आता नारळावर मारल्यासारखी वाजते.

तारांच्या उलटसुलटीबद्दल लिहितो, कारण मी इथे पूर्ण चुकलो असतो. मी लाल ते लाल, काळा ते काळा जोडून मोकळा झालो होतो. मायक्रोफोन लावून संगणकावर आरईडब्ल्यू या आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरने मोजलं तर ८०० च्या अलीकडे-पलीकडे मोठा खड्डा. भोंग्याच्या तारा उलट केल्या आणि खड्डा भरून आला. ऐकताना फरक असा की आधी पुरुषाचा आवाज पोकळ, विहिरीतून आल्यासारखा यायचा.

सोल्डर

१२ डेसिबलच्या उतारात दोन्ही बाजू सांध्यावर एकमेकींच्या बरोबर विरुद्ध होतात, म्हणून वहीत भोंगा उलटा जोडा असंच लिहिलेलं असतं. पण भोंगा किती मागे-पुढे ठेवलाय यावर ते फिरू शकतं, त्यामुळे मोजलंस हे उत्तम केलंस. आता भोंगा जोरात वाटतोय का?

पडवी

हो, फार. पुढच्या खोलीतून कानात शिरतो.

सोल्डर

साहजिक आहे, युनिट १५ इंचीपेक्षा कितीतरी तल्लख आहे. ६ डेसिबल उतरवून बघ. १६ ओहमसाठी ८.२ ओहम मालिकेत, त्यापुढे युनिटच्या दोन टोकांवर १५ ओहम, दोन्ही १० वॉटचे सिमेंट रेझिस्टर. हे क्रॉसओव्हरच्या नंतर लाव, आधी नाही. असं केलं की क्रॉसओव्हरला समोर १६ ओहमच दिसतात आणि सांधा ८०० वरून हलत नाही. नुसता एक रेझिस्टर मालिकेत लावलास तर सांधाच सरकेल. बरेच जण इथे चुकतात.

पडवी

काल संध्याकाळी पूर्ण जोडी लागली. ॲम्प्लिफायर जुना, एका बाजूला जेमतेम १० वॉटचा, त्यातले दोन वॉटही लागले नसतील. नाट्यसंगीताची जुनी तबकडी लावली.

काका पहिली पाच मिनिटं समोर बसलेच नाहीत. आधी डाव्या भोंग्याच्या मागे गेले, मग उजव्या, मग अंगणात तुळशीपाशी जाऊन उभे राहिले. टॉकीजमध्येही ते खेळ सुरू झाला की असेच हॉलच्या मागे जाऊन उभे राहायचे, आवाज सगळीकडे सारखा आहे का बघायला. आत आले आणि म्हणाले, "बाजाची पेटी मागे आहे, गाणारा पुढे आहे. पण गाणारा अजून एक पाऊल पुढे हवा."

सोल्डरकाका, म्हणजे ६ डेसिबल जास्त उतरवलेत का?

सोल्डर

त्यांचं ऐक. अशा माणसाच्या कानासमोर माझं सूत्र दुय्यम. ४ डेसिबलवर ये. मालिकेत ५.९ च्या जवळचा, म्हणजे ५.६ ओहम, आणि आडवा २७.

पडवी

बदलले. काका आता पुढच्या खोलीत खुर्चीवर बसलेत आणि दुसरी बाजू लावायला सांगतायत.

पावसाळ्याची व्यवस्था: प्रत्येक पेटीत मागे झिरोचा बल्ब, जून ते सप्टेंबर दिवसरात्र चालू, भोंग्यांच्या तोंडाला बारीक जाळी म्हणजे माशी शिरणार नाही. डाव्या पेटीचा मरीन प्लाय कापून आलाय, कडांना सीलरचा पहिला हात दिलाय. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की बसवेन.

वडाचो पार

दसऱ्याक येऊ की आधी?

पडवी

आधी या. काका विचारत होते, बापाशीच्या मांडीवर बसणारा तो झिलगा कोणाचा.